कशानं गेले?

मणिकर्णिकेसमोर आली की नाव आपोआप मंदावते. नावाडी वल्ही आडवी टाकतो आणि पाठ झालेली यादी म्हणून दाखवतो. इथं कोणाकोणाला अग्नी देत नाहीत, त्याची. संन्यासी, लहान मूल, गरोदर बाई, कुष्ठरोगी, देवी येऊन गेलेला आणि साप चावलेला. कुणाच्या यादीत पाच असतात, कुणाच्या सहा. क्रमही बदलतो. पण साप बहुतेक सगळ्यांच्या तोंडी असतो.

काकांच्या अस्थी घेऊन आम्ही आलो होतो. काकू आतापर्यंत गप्प बसली होती. घाटावर एका वेळी सात-आठ चिता पेटलेल्या, मागं लाकडांचे मजलेच्या मजले रचलेले, तो सगळा धुराचा लोट आमच्याच अंगावर येत होता. साप म्हटल्यावर तिनं मान वळवली. "साप चावलेल्यानं काय पाप केलं?"

"पाप नहीं, माँजी," नावाडी म्हणाला, "क्या पता, ज़हर उतर जाए." म्हणून त्याला केळीच्या खांबांच्या तराफ्यावर घालून सोडायचं. खाली कुठंतरी एखादा जाणता भेटेल, विष उतरवेल, माणूस उठून बसेल. बंगालातल्या बेहुलेच्या कथेत ती असाच आपल्या नवऱ्याचा तराफा घेऊन निघते.

मला हे भाबडं वाटलं होतं. परत आल्यावर वाचत गेलो तेव्हा वाटेनासं झालं. मण्यारीचं विष नसांकडून स्नायूंकडं जाणारा निरोप तोडतं. पापण्या उचलत नाहीत, डोळ्यांच्या बाहुल्या प्रतिसाद देत नाहीत, हातपाय लुळे पडतात, श्वास थांबतो. मेंदू मेला असं वाटावं असे रुग्ण काही दिवस व्हेंटिलेटरवर ठेवल्यावर शुद्धीवर आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तराफ्यावर श्वास कोण देणार, हा प्रश्न उरतोच. पण साप चावलेला मेलेला दिसला तरी मेलेला असेलच असं नाही, एवढं कुणीतरी, कधीतरी नीट पाहिलेलं असणार.

आणि मग ध्यानात आलं की नावाड्याची ती यादी म्हणजे मृत्यूच्या कारणांचं वर्गीकरणच आहे. फार जुनं, अर्धं धर्माचं, अर्धं निरीक्षणाचं. तिच्यातला 'देवी' हा रोग तर पृथ्वीवरूनच गेला. भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला. पन्नास वर्षं झाली, यादीतून देवीचं नाव मात्र कुणी खोडलेलं नाही.

आता दुसरी यादी. काकांच्या मृत्यूच्या दाखल्यासोबत आम्हाला डॉक्टरांच्या कागदाची एक प्रत मिळाली होती. कारण: कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट. म्हणजे हृदय आणि श्वास थांबले. काकूनं तो कागद दोनदा वाचायला लावला आणि म्हणाली, "ते तर सगळ्यांचंच थांबतं की."

तिचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. डॉक्टरांनी भरायच्या त्या नमुन्यात एकाखाली एक ओळी असतात. वरच्या ओळीत शेवटी काय झालं ते, खालच्या ओळीत ते कशामुळं, त्याच्या खाली ते कशामुळं. अशी साखळी उलगडत सगळ्यांत तळाशी जे उरतं ते मूळ कारण, आणि देशाच्या आकडेवारीत तेवढंच मोजलं जातं. काकांच्या बाबतीत श्वास थांबला, कारण फुप्फुसं दमली होती. फुप्फुसं दमली, कारण पंधरा वर्षं सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार होता. तो होता, कारण पंचेचाळीस वर्षं विड्या होत्या. डॉक्टरांनी वरची ओळ भरली आणि बाकीच्या कोऱ्या सोडल्या. रात्री तीन वाजता बाहेर नातेवाईक ताटकळत असताना मीही कदाचित तेच केलं असतं.

आपल्या वर्तमानपत्रांचं तर याहून सोपं आहे. निधनवार्तेत कारणं चारच: अल्पशा आजाराने, दीर्घ आजाराने, वृद्धापकाळाने आणि हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने. तीव्र नसलेला झटका मी अजून वाचलेला नाही.

मग हा एवढा मोठा देश कशानं मरतो, हे कळतं तरी कसं? २०२० साली भारतात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण प्रमाणित केलेले जेमतेम २२.५ टक्के होते. चार-पाचांत एक. गोव्यात जवळजवळ प्रत्येक मृत्यूला असा कागद असतो, पण मोठ्या राज्यांत बहुतेक माणसं घरी जातात. खाटेवर, ओसरीवर, शेतात. डॉक्टर आलेलाच नसतो. प्रेत तर त्याच दिवशी जळतं. चिता पेटल्यावर तीन तासांत सगळा पुरावा राख होतो. शवविच्छेदन करायचं तर कशाचं?

याचं उत्तर मला अजून थक्क करतं. पुरावा राख झाला, साक्षीदार मात्र घरात बसलेला असतो. म्हणून त्यालाच विचारायचं. याला व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात, तोंडी शवविच्छेदन. भारताच्या महानिबंधकांनी आणि डॉ. प्रभात झा यांच्या चमूनं ते इतक्या मोठ्या प्रमाणावर केलं की त्याचं नावच 'मिलियन डेथ स्टडी' पडलं, दहा लाख मृत्यूंचा अभ्यास. देशभरातून निवडलेली सुमारे २४ लाख घरं. त्यांत कुणी वारलं की काही महिन्यांनी सरकारी गणक दारात येतो. हा डॉक्टर नसतो. ताप होता का, थंडी वाजून यायचा का, खोकला किती दिवस, थुंकीत रक्त, छातीत कळ आली ती हातात उतरली का, असे ठरलेले प्रश्न तो विचारतो. शेवटी कागदाचा एक भाग कोरा असतो. तिथं घरच्यांनी जे सांगितलं ते, त्यांच्याच भाषेत, अर्धा पानभर लिहायचं.

ते अर्धं पान दोन डॉक्टरांकडं जातं. दोघं वेगवेगळे बसून वाचतात, एकाला दुसऱ्याचं मत माहीत नसतं. दोघांचं जुळलं तर ठीक; नाही तर एकमेकांची कारणमीमांसा पाहून पुन्हा विचार करतात; तरीही अडलं तर तिसरा ज्येष्ठ डॉक्टर निवाडा देतो. न पाहिलेल्या, जाळून झालेल्या माणसाबद्दल, न भेटलेल्या बाईनं सांगितलेल्या हकिकतीवरून. सत्तरीच्या आतल्या मृत्यूंना ही पद्धत चांगली लागू पडते. फार म्हाताऱ्या माणसात चार आजार एकत्र नांदत असतात, तिथं ती चाचपडते.

काय निघालं त्यातून? नावाड्याच्या यादीतला साप निघाला. तोवर सरकारी दवाखान्यांच्या हिशेबात सापानं वर्षाला दोन-एक हजार माणसं मरत. घरोघर विचारल्यावर २००५ या एका वर्षासाठी आकडा आला तो सुमारे ४६ हजार. त्यात सगळ्यांत मोठा वाटा उत्तर प्रदेशाचा, वर्षाला ८,७०० च्या आसपास. म्हणजे ज्या राज्यात आमची नाव तरंगत होती, त्याचाच. या मृत्यूंपैकी ९७ टक्के खेड्यांतले आणि दवाखान्यात झालेले फक्त २३ टक्के. दवाखान्याच्या वहीत ते दिसणार कुठून? पुढच्या अभ्यासात २००० ते २०१९ या वीस वर्षांसाठी बेरीज सुमारे बारा लाखांवर गेली. एका मध्यम शहराएवढी माणसं, बरीचशी पावसाळ्यात, बहुतेक शेतातून किंवा जमिनीवरच्या अंथरुणातून उचललेली.

मण्यार तर रात्री चावते, झोपेत. वेदना नाममात्र, वळही धड दिसत नाही. पहाटे माणूस पोट दुखतंय म्हणून उठतो, डोळे जड झाले म्हणतो, बोलणं जडावतं आणि उजाडता उजाडता संपतो. घरचे सांगतात, पोटात दुखून गेला. आता "डोळे उघडत नव्हते का हो?" असा एक प्रश्न कुणी विचारला, तर पोटदुखीचा साप होतो. आपल्याकडं महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या बाबतीत हेच केलं: एकेका रोग्याच्या उशाशी बसून, लक्षणं तासातासानं टिपून, प्रॅझोसिन हे रक्तदाबाचं औषध लाल विंचवाच्या विषावर उपयोगी पडतं हे दाखवून दिलं.

विचारण्यानं आकडे वाढतातच असं नाही. एड्सनं होणारे मृत्यू आधीच्या अंदाजांपेक्षा बरेच कमी निघाले. मलेरियाचे मात्र इतके वाढले, जागतिक आरोग्य संघटनेच्या १५ हजारांसमोर दोन लाख पाच हजार, की मोठा वाद झाला. घरच्यांनी सांगितलेला ताप मलेरियाचाच कशावरून, हा संघटनेचा आक्षेप. मला त्यात तथ्य वाटतं. ताप हा शब्द आपण फार सैल वापरतो.

शिवाय घरचे लपवतातही. हे आजचं नाही. सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये कुणी मेलं की गरीब म्हाताऱ्या बायका घरी जाऊन प्रेत पाहत आणि कारण सांगत. त्यांच्या याद्यांत दात, ग्रह, दुःख, घाबरून जाणं अशी कारणं सापडतात. त्या याद्या बसून मोजणारा पहिला माणूस म्हणजे जॉन ग्राँट, कापडाच्या वस्तू विकणारा. १६६२ च्या पुस्तकात त्यानं लिहून ठेवलं की थोडी दारू आणि चार पैसे मिळाले की या बायका गुप्तरोगाचा क्षय करून टाकतात. आपल्याकडं क्षयाचा दमा होतो आणि आत्महत्येचं 'पोटात दुखत होतं' होतं. २०१० साली पोलिसांच्या नोंदींत आत्महत्या सुमारे १ लाख ३५ हजार होत्या; घरोघरच्या अभ्यासातला अंदाज १ लाख ८७ हजार होता.

तर देश कशानं मरतो? १९९० मध्ये निम्म्याहून जास्त मृत्यू जंतुसंसर्ग, बाळंतपण, नवजात बाळांचे आजार आणि उपासमार यांचे होते. २०१६ पर्यंत ते जवळपास २७ टक्क्यांवर आले आणि हृदय, फुप्फुसं, मधुमेह, कॅन्सर अशा दीर्घ आजारांनी जवळपास ६२ टक्के जागा घेतली. एका पिढीत. महानिबंधकांच्या २०२१ ते २०२३ या काळाच्या अहवालात हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार एकटेच ३१ टक्क्यांच्या आसपास आहेत. मात्र १५ ते २९ या वयात पहिला क्रमांक आत्महत्येचा लागतो. हे वाक्य मी दोनदा तपासून लिहिलं.

काशीत मात्र एक कारण वेगळं चालतं. १९५८ पासूनचं मुक्तिभवन गोदौलियाजवळ आहे. मरायला आलेल्या माणसाला तिथं खोली मिळते. दोन आठवड्यांची बोली, औषधपाणी नाही, भजन आणि गंगाजल. शंभर वर्षं पुरी करून, हळूहळू अन्न सोडून जाणाऱ्याला कोणता आजार लिहायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात म्हातारपण हे 'नीट न सांगितलेलं कारण' समजलं जातं, मृत्यूच्या कारणांना कोड देणारे डॉक्टर त्यावर नाक मुरडतात. आपल्या निधनवार्तेतल्या 'वृद्धापकाळाने'ला मीही हसत आलो. पण ८ सप्टेंबर २०२२ ला बाल्मोरलच्या राजवाड्यात राणी एलिझाबेथ वारली आणि तिच्या दाखल्यावर कारण लिहिलं गेलं: म्हातारपण. बस. खाली काही नाही.

मरणं मोजण्याची विद्या काशीत आता दुसऱ्या वाटेनंही आली आहे, आणि ती वाट आपल्याकडून गेली. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. रोगी दवाखान्यात येण्याची वाट न पाहता माणसं गावोगाव फिरायची, गाठ आहे का, न भरणारी जखम आहे का, विचारत. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं आता वाराणसीत इस्पितळं आणि अशीच नोंदणी चालवली आहे. तिथं पुरुषांत सगळ्यांत जास्त निघाला तो तोंडाचा कॅन्सर. बनारसच्या गल्लीत पाच मिनिटं पानाच्या टपरीसमोर उभं राहिलं तर हा निष्कर्ष आगाऊ सांगता येतो.

विसर्जन करून आम्ही चढण चढून ब्रह्माघाटाकडं गेलो. या भागात पेशव्यांच्या काळापासून मराठी घरं आहेत. गुरुजींनी बैठक घातली, लांबोडकी वही उघडली. नाव, गाव, कुळ, गोत्र, तिथी. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव. वहीत कारणाला रकाना नव्हता. त्यांनी लेखणी खाली ठेवली, चष्मा काढून पंच्यानं पुसला आणि सहज विचारलं, "काय झालं होतं हो यजमानांना?"

काकूनं पदर सावरला. "तसं बघितलं तर," ती म्हणाली, "सुरुवात गिरणीत लागले तेव्हापासूनच झाली. ह्यांचं तेव्हा लग्नही नव्हतं ठरलं. रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून कुणीतरी विडी दिली…"

गुरुजी वही मिटून मांडी बदलून बसले.