‘हर माल’चे अर्थकारण

माटुंग्याच्या बाजाराकडून रेल्वे स्टेशनकडे येताना एक दुकान लागते. त्याच्या पाटीवर पूर्वी ‘कोणतीही वस्तू ४९’ असे लिहिलेले होते. पुढे त्यावर ‘४९ ते ९९’ असा नवा पत्रा बसला. आता ‘९९, १४९, १९९’ असे तीन आकडे आहेत आणि ‘कोणतीही’ हा शब्द गळून गेला आहे. मी लहानपणापासून या दुकानाचा गिऱ्हाईक आहे. माझी आई किंग्ज सर्कलच्या बाजूच्या इमारतींतून भांडी घासायला जात असे आणि परत लेबर कॅम्पात येताना शाळेच्या डब्यापासून पायातल्या चपलेपर्यंत जे काही आमच्या घरात आले, ते बहुतेक अशाच दुकानांतून किंवा त्याआधी फूटपाथवरच्या ‘हर माल दस रुपया’ अशा आरोळ्या देणाऱ्या गाड्यांवरून आले. म्हणून या विषयावर लिहिताना मी तटस्थ आहे असे म्हणणार नाही. पण आपल्या वस्तीतली माणसे रोज ज्या दुकानाची पायरी चढतात, त्या दुकानाचे अर्थशास्त्र आपल्या अभ्यासवर्गांतून कधी शिकवले जात नाही, आणि महागाईवरचे आपले भाषण डाळ, तेल आणि गॅस यांच्यापलीकडे जात नाही, ही गोष्ट मला खटकते.

प्रथम एक साधी गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्या दुकानात किंमत ठरलेली असते, तेथे वस्तू ठरलेली नसते. इतर दुकानांत कच्चा माल महागला की किंमत वाढते आणि गिऱ्हाईक कुरकुरते. ‘हर माल’च्या दुकानात किंमत पाटीवर रंगवलेली असल्यामुळे ती सहज वाढवता येत नाही. मग वाढ कोठे जाते? ती वस्तूच्या अंगात जाते. बादलीची जाडी कमी होते, कडीची तार बारीक होते, डब्याच्या झाकणाचा आटा दोन वेढ्यांऐवजी एका वेढ्याचा होतो, टॉवेलची वीण विरळ होते. समजा, नव्व्याण्णव रुपयांच्या बादलीत पूर्वी सहाशे ग्रॅम प्लास्टिक होते आणि आता पाचशे ग्रॅम आहे. पाटीवरचा आकडा तोच राहिला. परंतु किलोचा हिशेब केला तर दर १६५ रुपयांवरून १९८ रुपयांवर गेला. म्हणजे वीस टक्के भाववाढ झाली आणि पाटी मात्र बदलली नाही.

पातळ झालेली बादली लवकर फुटते, हा हिशेबाचा दुसरा भाग. तीच बादली पूर्वी दोन वर्षे टिकत असेल आणि आता आठ महिन्यांत तिचे बूड जात असेल, तर दोन वर्षांत तीन बादल्या घ्याव्या लागतात. २९७ रुपये होतात. शेजारच्या भांड्यांच्या दुकानात अडीचशेला मिळणारी जाड बादली शेवटी स्वस्त पडली असती. हा हिशेब माझ्या आईला येत नव्हता असे कोणी समजू नये. तिला तो माझ्यापेक्षा चांगला येत होता. पण अडीचशे रुपये एका दिवशी हातात असणे ही गोष्ट वेगळी आणि हिशेब येणे ही गोष्ट वेगळी. ज्याच्याकडे पगार महिन्याने एकरकमी येतो तो माणूस टिकाऊ वस्तू घेतो. ज्याच्याकडे पैसा चार घरांतून चार तुकड्यांनी येतो तो नव्व्याण्णवची वस्तू तीनदा घेतो. मध्यमवर्गीय माणसे याला ‘गरिबांची उधळपट्टी’ म्हणतात. ते केवळ अज्ञान आहे.

आता दुकानदार हा माल आणतो कसा, ते पाहू. सगळ्याच वस्तूंवर त्याला सारखा नफा होत नाही. काही वस्तू त्याला जवळजवळ विक्रीच्या किमतीलाच पडतात. त्या दर्शनी भागात मांडलेल्या असतात आणि त्यांना पाहून माणूस आत शिरतो. आत गेल्यावर ज्या वस्तूंचा बाजारभाव आपल्याला ठाऊक नसतो, म्हणजे केसांच्या पिना, फोटोफ्रेम, भिंतीला चिकटवायचे हुक, चाळणी, त्यांतून तो आपली भरपाई करून घेतो. माल अब्दुल रेहमान स्ट्रीट, क्रॉफर्ड मार्केट, मस्जिद बंदर या भागांतल्या घाऊक व्यापाऱ्यांकडून येतो. काही माल ‘लॉट’चा असतो. कोठल्या तरी कारखान्याने नाकारलेला, कोठल्या तरी निर्यातदाराकडे पडून राहिलेला, कोठे रंग चुकलेला असा तो माल असतो. म्हणून आज पाहिलेली चांगली वस्तू पुढच्या आठवड्यात त्या दुकानात नसते. ‘आला की घ्या, परत येणार नाही’ असे विक्रेता सांगतो ते या बाबतीत खरे असते.

या धंद्याच्या इतिहासात १ एप्रिल २००१ हा दिवस महत्त्वाचा आहे. त्या दिवशी भारताने उरलेल्या शेकडो वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठवले, आणि त्यानंतर काही वर्षांतच चिनी खेळणी, घड्याळे, विजेऱ्या, कुलपे आणि काचेची भांडी फूटपाथवर आली. तेव्हा डॉलर ४७ रुपयांच्या आसपास होता. २०२२ साली तो ८० रुपयांपलीकडे गेला. बाहेरून येणारी जी वस्तू डॉलरमध्ये त्याच किमतीची राहिली, ती एवढ्यानेच दीडपटीहून अधिक महाग झाली. त्यातच फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के करण्यात आले (पुढे २०२३ मध्ये ७० टक्के), आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. मुलांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूची तपासणी झालीच पाहिजे, याबद्दल वाद नाही. परंतु त्याचा परिणाम माटुंग्याच्या त्या दुकानात असा दिसला की खेळण्यांचा कोपरा आक्रसला आणि त्या जागी प्लास्टिकच्या टोपल्या आल्या. ज्या घरातला मुलगा बापाच्या बोटाला धरून चावीची मोटार घ्यायला येत असे, त्याच्यासाठी पाटीवरचा पहिला आकडा आता उपयोगाचा राहिला नाही.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत ‘डॉलर ट्री’ नावाची दुकानांची मोठी साखळी आहे. १९८६ साली सुरू झालेल्या या दुकानांत प्रत्येक वस्तू एका डॉलरला, हा नियम सुमारे पस्तीस वर्षे पाळला गेला. २०२१ च्या अखेरीस त्यांनी किंमत सव्वा डॉलर केली आणि त्यानंतर अधिक किमतीच्या वस्तूही मांडायला सुरुवात केली. त्याच्याही शंभर वर्षे आधी, १८७९ साली वुलवर्थने पाच सेंटांचे दुकान काढले होते. तेही पुढे पाच आणि दहा सेंटांचे झाले आणि कालांतराने ती मर्यादाही सुटली. ठरलेली किंमत हे गिऱ्हाइकाला दिलेले वचन असते आणि चलनाची किंमत घसरत असता ते वचन फार काळ पाळता येत नाही.

येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधाची आठवण होणे स्वाभाविक आहे. आपण त्या ग्रंथाचे नाव घेतो, त्याच्या प्रतिमेला हार घालतो, वाचतो कमी. त्यातला आपल्या कामाचा मुद्दा असा की रुपयाची खरी कसोटी तो परदेशी चलनात किती भरतो ही नसून देशातल्या बाजारात तो किती वस्तू आणतो ही आहे. आणि किमती चढतात त्या वेगाने मजुरी चढत नाही, त्यामुळे चलन घसरण्यातून व्यापाऱ्याला होणारा लाभ हा मजुराच्या पदरातून गेलेला असतो. नव्व्याण्णवची बादली हे या सिद्धान्ताचे वर्गात दाखवता येण्याजोगे उदाहरण आहे. मी ते दाखवतोही. जुनी फुटकी बादली आणि नवी बादली अशा दोन्ही वर्गात नेल्या की पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आधी हसतात, आणि मग काट्यावर वजन करायला पुढे येतात.

बादलीचा आणखी एक प्रवास आहे, तो आपल्या अगदी दाराशी घडतो. फुटलेली बादली भंगारवाला नेतो. माटुंगा लेबर कॅम्पच्या पलीकडे धारावी आहे आणि धारावीत तेरा कंपाउंड नावाने ओळखला जाणारा भाग आहे. मुंबईचे फुटके प्लास्टिक तेथे येते. ते हाताने निवडले जाते. रंगाप्रमाणे, जातीप्रमाणे (प्लास्टिकचीही जात असते, आणि ती ओळखणारी माणसे कोणत्या जातींची आहेत हे निवडणीच्या शेडमध्ये जाऊन पाहावे). तुकडा वाकवून, त्याचा आवाज ऐकून, कधी काडीने जाळून वास घेऊन माल ओळखला जातो. मग तो दळला जातो, धुतला जातो, वितळवून त्याच्या लांब दोऱ्या काढतात आणि त्या कापून दाणा तयार होतो. या दाण्याची पुन्हा बादली होते. एकदा वितळलेले प्लास्टिक पुन्हा वितळले की त्याची ताकद घटते, निरनिराळ्या रंगांच्या मिश्रणामुळे स्वच्छ पांढरा किंवा पारदर्शक माल त्यातून निघत नाही. म्हणून स्वस्त बादल्या बहुधा काळ्या, गर्द निळ्या किंवा गर्द हिरव्या असतात. कोऱ्या दाण्याचे भाव चढले की कारखानदार या भंगाराच्या दाण्याचे प्रमाण वाढवतो. बादलीचे बूड लवकर जाते त्यामागे हेही एक कारण आहे. हात-पाय धुण्याच्या बादलीत हे चालून जाते. परंतु तोच दाणा मुलाच्या पाण्याच्या बाटलीत किंवा गरम आमटीच्या डब्यात गेला तर तो प्रश्न पैशाचा राहत नाही. डब्याला उग्र वास येत असेल, तर तो अन्नासाठी घेऊ नये, एवढे तरी वस्तीत सांगितले पाहिजे.

आपल्या वस्तीतल्या बाईने टाकलेली बादली आपल्याच वस्तीतली दुसरी बाई रोजंदारीवर निवडते आणि पहिली बाई ती पुन्हा विकत घेते. या फेरीत दोघींच्याही हाती फारसे काही उरत नाही.

कायद्याने गिऱ्हाइकाला काही हत्यारे दिली आहेत, ती थोडक्यात सांगतो. बंद पाकिटावर सर्व करांसहित कमाल किंमत छापण्याची सक्ती १९९० पासून आहे. आयात केलेल्या वस्तूवर आयातदाराचे नाव आणि पत्ता असलाच पाहिजे. चहा, बिस्किटे यांसारख्या काही वस्तू ठरावीक वजनाच्या पाकिटांतच विकण्याचे बंधन पूर्वी होते. ते २०२२ साली काढून टाकले गेले आणि त्याऐवजी ग्रॅममागे किंवा नगामागे किंमत छापण्याची अट आली, जी १ जानेवारी २०२४ पासून सक्तीची आहे. म्हणजे पाच आणि दहा रुपयांचे पाकीट हळूहळू हलके होत जाण्याला आता आडकाठी नाही. पाकिटाच्या पाठीवरचा बारीक आकडा वाचता आला तरच ते कळणार. आमच्या वस्तीतल्या किती आयांना तो वाचता येईल? आणि सुट्या विकल्या जाणाऱ्या बादलीवर तर तोही आकडा नसतो.

सहकाराचा मार्ग मुंबईत नवा नाही. नायगावला १९४८ साली कामगारांनी आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी ‘अपना बाजार’ उभा केला. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. १९७२ च्या सुमारास महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. या सर्व कामाबद्दल मला आदर आहे. परंतु महिन्याचा माल एकदम घेण्याची ऐपत हा सामुदायिक खरेदीचा पाया आहे, आणि तो पाया रोजंदारीवर जगणाऱ्या घरात नसतो. आपल्यासाठी ठरलेल्या भावाचे दुसरे दुकान म्हणजे रेशनचे. तेथेही गोष्ट तीच: १९७२ च्या दुष्काळात मिळालेली अमेरिकन मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली, त्यांना भाव आठवत नाही, चव आठवते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये किलो झाला, जानेवारी २०२३ पासून तो मोफत आहे. आणि धान्य निवडायला लागणारा वेळ मात्र बायकांचाच जातो.

एवढे सगळे लिहूनही त्या दुकानावर बहिष्कार टाका असे मी म्हणणार नाही. याचे कारण माझ्या आजीत आहे. आजी सातारा जिल्ह्यातल्या गावची. गावच्या वाण्याच्या दुकानात तिला पायरीखाली उभे राहावे लागे, पैसे जमिनीवर ठेवावे लागत, आणि मीठ वरून पदरात टाकले जाई. भाव तो सांगेल तो. वस्तूला हात लावून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. म्हातारपणी ती मुंबईला आली, तेव्हा आईने तिला एकदा या दुकानात नेले. भाव पाटीवर लिहिलेला, सगळ्यांना एकच; माल उघड्या फळ्यांवर, कोणीही उचलावा, उलटावा, परत ठेवावा. घासाघीस नाही, त्यामुळे कोणाच्या तोंडाकडे पाहायला नको. आजीने त्या दिवशी काहीच विकत घेतले नाही. अर्धा तास ती प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहत होती आणि जागच्या जागी ठेवत होती. दुकानातल्या पोराने तिला हटकले नाही.

गेल्या दिवाळीत आईबरोबर पुन्हा त्या दुकानात गेलो. तिने सहा-सात बादल्या एकीत एक बसवलेल्या होत्या त्या सोडवल्या, प्रत्येकीच्या बुडावर बोटाच्या पेराने टकटक केले, दोन उजेडाकडे धरून पाहिल्या, आणि सगळ्यांत खालची काढली. ती १४९ ची होती. “नव्व्याण्णवची कुठंय?” तिने विचारले. पोरगा म्हणाला, “मावशी, त्या भावात आता टमरेल मिळतं.” तिने टमरेल घेतले.