लक्ष्मीपूजन आणि महागाईचा हिशेब

दीपावलीच्या सुमारास चिखलीच्या बाजारपेठेत दोन चिंता शेजारी शेजारी वावरत असतात. नव्या सोयाबीनची पोती बाजार समितीच्या आवारात उतरवून शेतकरी भावाची वाट पाहतो, तर फराळासाठी तेल घेणारा गृहस्थ दुकानात भाव ऐकून थबकतो. पुष्कळदा हे दोघे एकच असतात. मालाला भाव नाही ही त्याची सकाळची तक्रार, आणि महागाईने कंबर मोडली ही दुपारची. दोन्ही खऱ्या, परंतु त्यांच्या कारणांविषयी मात्र आपल्या समाजात अनेक गैरसमज नांदत आहेत.

सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने खाद्यतेलाच्या आयातीवरील शुल्क 20 टक्क्यांनी वाढविले. निम्म्याहून अधिक तेल आपण परदेशातून आणतो. साहजिकच तेल कडाडले. सोयाबीनचा हमीभाव त्या वर्षी क्विंटलला 4,892 रुपये होता, आणि विदर्भातील बाजारांत मात्र ते त्याहून पुष्कळ खाली विकले गेले. मग मधला पैसा व्यापाऱ्यानेच खाल्ला, असा निष्कर्ष घरोघर निघाला. पण क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघते सुमारे 18 किलो. उरते ती मुख्यतः ढेप, कोंबड्यांच्या खाद्यात जाणारी. त्या वर्षी ढेपेलाच उठाव नव्हता. तेलाने दिले ते ढेपेने नेले. साठेबाजी होतच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु साठविलेला माल केव्हातरी बाजारात आणावाच लागतो. वर्षानुवर्षे चढत जाणाऱ्या भावांचा उलगडा तेवढ्याने होत नाही.

एक जिन्नस महागणे निराळे आणि महागाई निराळी. मालाच्या मानाने लोकांच्या हातातील पैसा अधिक वेगाने वाढला, किंवा इंधनासारखी सर्वांना लागणारी वस्तू महागली, म्हणजे बहुतेक सर्वच भाव चढतात आणि रुपयाचे मोल घटते. तीच खरी महागाई.

दुसरा गैरसमज महागाईच्या दराविषयीचा. ऑक्टोबर 2024 मध्ये किरकोळ महागाईचा दर 6.21 टक्के होता. ऑक्टोबर 2025 मध्ये तो 0.25 टक्क्यावर आला. वृत्तपत्रांत ‘महागाई घटली’ असे मथळे झळकले आणि गृहिणींनी विचारले, ‘मग दुकानात का दिसत नाही?’ हिशेब साधा आहे. 2023 च्या ऑक्टोबरात जो बाजार 100 रुपयांत होई, त्याला पुढील वर्षी 106 रुपये 21 पैसे लागले, आणि त्यापुढील वर्षी सुमारे साडेएकशेसहा. भाव उतरले नव्हते. त्यांचे चढणे तेवढे थांबले होते. सरकारी आकडाही खोटा नव्हता आणि गृहिणीचा अनुभवही.

तिसरा गैरसमज उपायाचा, आणि आमच्या मते तोच सर्वांत घातक. मे 2025 अखेर सरकारने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणले. शहरांतून त्याचे स्वागत झाले. परंतु ज्या बांधाआड चिखली परिसरातील सोयाबीन उभे होते, तोच बांध त्यामुळे खचला. 2025 च्या हंगामात हमीभाव 5,328 रुपये जाहीर झाला होता. दिवाळीच्या तोंडावर बाजार पुन्हा त्याच्या खालीच राहिला. एकाची स्वस्ताई ती दुसऱ्याची मंदी असते, आणि येथे तर दोघांची चूल एकच!

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण नवी केरसुणीही पूजतो, ती घरातील अलक्ष्मी बाहेर घालविण्यासाठी. गैरसमज हीसुद्धा अलक्ष्मीच होय. म्हणून महागाईच्या नावाने बोटे मोडण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत: महागली ती एकच वस्तू की सारा बाजार? घटला तो भाव की भाववाढीचा वेग? आणि आपण मागतो ती स्वस्ताई कोणाच्या घामातून वजा होणार आहे? या प्रश्नांनी तेलाचा डबा स्वस्त होणार नाही हे खरे. परंतु राग योग्य ठिकाणी जाईल आणि मागणीही योग्य ठिकाणी पोहोचेल. वाचकांना ही दीपावली सुखाची आणि डोळस समृद्धीची जावो, हीच सदिच्छा.