न घसरणारा धबधबा आणि हत्तीची अंघोळ : थायलंडच्या या सहलीला जाण्यापूर्वी हे वाचा!

थायलंडच्या रील्समध्ये दोन दृश्यं हमखास दिसतात. एकात पर्यटक वाहत्या धबधब्यावरून अनवाणी, तेही खालून वर, चढत जातात आणि कुणीच घसरत नाही. दुसऱ्यात नदीत बसलेल्या हत्तीला चार-पाच जण हसत हसत अंघोळ घालत असतात.

ही दोन्ही ठिकाणं उत्तर थायलंडमधल्या चियांग माय या शहरापासून जवळ आहेत. सकाळी हत्ती, दुपारी धबधबा आणि संध्याकाळी परत, अशी एक दिवसाची सहल इथे खूप लोकप्रिय आहे. पण या दोन्ही दृश्यांमागे काय आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. चला, तेच जाणून घेऊया.

पाय का घसरत नाही?

या धबधब्याचं नाव बुआ टोंग. शहरापासून उत्तरेला साधारण ६० किलोमीटर, म्हणजे गाडीने दीड तासाच्या अंतरावर. पर्यटक याला ‘स्टिकी वॉटरफॉल’ म्हणतात, पण इथे चिकट असं काहीच नाही.

पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. असं पाणी चुनखडीच्या खडकातून जाताना थोडा चुना विरघळवून सोबत आणतं. झऱ्यातून बाहेर येऊन ते खळाळत खाली पडू लागलं की त्यातला वायू उडून जातो आणि विरघळलेला चुना खडकांवर बसत जातो. बोअरच्या पाण्याने गीझरमध्ये पांढरा थर धरतो, तसाच हा प्रकार. फक्त इथे तो वर्षानुवर्षं चालू आहे.

त्यामुळे खडक खरखरीत राहतात. नेहमीच्या धबधब्यावर आपल्याला पाडतं ते शेवाळ. ते या सतत बसणाऱ्या थरावर सहजासहजी टिकत नाही. तरीही जिथे हिरवा, गुळगुळीत भाग दिसेल तिथे पाय ठेवू नका. उभ्या चढावर दोर बांधलेले आहेत, ते धरूनच चढा.

हत्ती पर्यटनात आले कुठून?

हत्तीचा विषय आपल्यालाही नवा नाही. २०२५ मध्ये नांदणी मठातली महादेवी ऊर्फ माधुरी हत्तीण गुजरातला हलवली, तेव्हा कोल्हापूर परिसरात मोर्चे निघाले होते. हत्तीचं भलं नेमकं कशात, हाच तो प्रश्न होता. थायलंडमध्ये तो तीन हजारांहून जास्त पाळीव हत्तींचा आहे.

पूर्वी तिथले हत्ती जंगलात सागाचे ओंडके ओढायचे. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण थायलंडमध्ये मोठा पूर आला. तोडलेल्या डोंगरांवरून चिखल आणि ओंडके खाली आले, गावं गाडली गेली आणि शेकडो माणसं गेली. जानेवारी १९८९ मध्ये सरकारने नैसर्गिक जंगलातल्या व्यापारी वृक्षतोडीवर बंदी घातली.

जंगलासाठी हा निर्णय चांगला होता. पण हत्ती आणि माहूत एका झटक्यात बेरोजगार झाले. मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. तो आणायचा कुठून? काही माहुतांनी बँकॉकच्या रस्त्यांवर हत्ती घेऊन भीक मागितली. बाकीचे पर्यटनाकडे वळले आणि हत्तीवरची सफर सुरू झाली.

मग अंघोळ घालण्यात वाईट काय?

सफरीवर टीका वाढली, तसा अनेक कॅम्पनी हौदा उतरवला आणि ‘अंघोळ’ सुरू केली. पाठीवरचं ओझं गेलं, हे चांगलंच झालं. पण अनोळखी माणसं अंगाला हात लावत असताना शांत बसणं हत्तीला उपजत येत नाही. ते शिकवलं जातं. पारंपरिक पद्धतीत पिल्लाला आईपासून तोडून, अरुंद लाकडी खोड्यात बांधून, ते हार मानेपर्यंत उपाशी ठेवलं आणि मारलं जायचं. याला तिथे ‘फाजान’ म्हणतात. सगळीकडे असंच होतं असं नाही, पण समोरचा हत्ती कसा शिकला हे पर्यटकाला दिसत नाही.

शिवाय हत्ती मनात येईल तेव्हा पाण्यात उतरतो आणि बाहेर आल्यावर अंगावर माती उडवून घेतो. प्रत्येक नव्या ग्रुपसाठी पुन्हा पाण्यात जाणं, ही त्याची ड्युटी होते. यात माणसालाही धोका आहे. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण थायलंडमध्ये हत्तीला अंघोळ घालताना एका तरुण स्पॅनिश पर्यटक मुलीचा मृत्यू झाला.

मग जायचंच नाही का?

तसंही नाही. २०२० मध्ये कोरोनामुळे पर्यटक थांबले, तेव्हा कॅम्पकडे चाऱ्याला पैसे उरले नाहीत आणि अनेक माहूत हत्तींना चालवत आपापल्या गावी घेऊन गेले. माणसांत वाढलेल्या एवढ्या हत्तींना थेट जंगलात सोडणंही शक्य नाही. म्हणजे तुमच्या तिकिटाचा पैसा त्यांना लागतोच. तो कोणत्या कॅम्पला द्यायचा, हे मात्र तुमच्या हातात आहे. बोर्डावर ‘सँक्चुअरी’ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. बुकिंगआधी हे चार प्रश्न विचारा :

१. सफर, चित्रं काढणं, फुटबॉल असे खेळ आहेत का?
२. अंघोळ किंवा मिठी मारून फोटो पॅकेजमध्ये आहे का?
३. हत्ती दिवसातून किती तास मोकळे असतात आणि रात्री त्यांना कसं ठेवतात?
४. लहान पिल्लं असतील, तर ती कुठून आली?

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर ‘हो’ आलं, तर दुसरी जागा शोधा. फक्त लांबून हत्ती बघू देणारे कॅम्पही चियांग मायच्या आसपास आहेत. तिथे सेल्फी कमी मिळतील, पण हत्ती आपल्या मर्जीने चरताना, मातीत लोळताना आणि एकमेकांशी सोंडेने बोलताना दिसतील.

जाण्यासाठी नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत शेतं आणि जंगलं जळाल्याच्या धुराने तिथली हवा खूप खराब होते.

तुमच्या ओळखीत कुणी थायलंडची तिकिटं काढली असतील, तर हे चार प्रश्न त्यांना आजच पाठवा. बुकिंग झाल्यावर विचारून उपयोग नाही.