सरळ पायांची खुर्ची

1763 साली पॅरिसमध्ये जे नवं ते 'ग्रीक' होतं. घरांच्या भिंती, कापडावरची नक्षी, दागिने, बायकांची केशरचना, पुरुषांच्या खिशातली तपकिरीची डबी, सगळं ग्रीक धाटणीचं. युरोपातल्या राजेरजवाड्यांना हस्तलिखित पत्रांतून पॅरिसची खबरबात पुरवणाऱ्या बॅरन ग्रिमने त्या वर्षी या लाटेची नोंद करून ठेवली आहे. आज आपण ज्याला 'सोळाव्या लुईची शैली' म्हणतो, ती खुर्ची याच लाटेवर आली. गंमत म्हणजे सोळावा लुई गादीवर बसला 1774 मध्ये. म्हणजे त्याच्या नावाची खुर्ची त्याच्या आधी काही वर्षं पॅरिसच्या दिवाणखान्यांत येऊन बसली होती.

लाटेचं मूळ इटलीत होतं. व्हेसुव्हिअसच्या राखेखाली गाडलं गेलेलं हर्क्युलेनियम 1738 पासून उकरलं जाऊ लागलं आणि दहा वर्षांनी पॉम्पेई. पंधराव्या लुईची मर्जी असलेल्या मादाम द पाँपादूरने आपल्या धाकट्या भावाला 1749 मध्ये इटलीच्या दौऱ्यावर पाठवलं. पुढे हाच मार्की द मारिन्यी राजाच्या सगळ्या बांधकामांचा प्रमुख झाला. ज्याच्या हातात बांधकामाची तिजोरी, त्याचीच आवड चालणार.

तोवरची खुर्ची कशी होती? पंधराव्या लुईच्या काळातल्या खुर्चीत सरळ रेघ शोधून सापडायची नाही. पाय बाकदार, पाठ नागमोडी, कोरीवकामात शिंपले आणि वेली. नव्या खुर्चीने हे सगळं मोडीत काढलं. पाय सरळ झाले, गोल कातले गेले, खाली निमुळते होत गेले आणि त्यांवर उभ्या पन्हळी आल्या. पाय जिथे बैठकीच्या चौकटीला मिळतो तिथे एक चौकोनी ठोकळा, त्यावर कोरलेलं फूल. पाठ लंबगोल, पदकासारखी, नाहीतर सरळ चौकोनी. कडेने मोत्यांची माळ किंवा गुंडाळलेली फीत. कोरीवकाम भरपूरच, पण आता ते चौकटीच्या हद्दीत राहिलं. मला या खुर्चीत आवडतं ते हेच: तिचा सांगाडा लपत नाही. वजन कुठून कुठे उतरतं ते बघणाऱ्याला कळतं.

आता यातली खरी मौज. त्या पन्हळी असलेला पाय ग्रीक खुर्चीचा नव्हेच, तो देवळाच्या खांबावरून उचललेला. ग्रीकांची सगळ्यांत नामांकित खुर्ची क्लिस्मॉस. रंगवलेल्या मातीच्या भांड्यांवर आणि थडग्यांच्या शिल्पांवर ती दिसते, आणि तिचे चारही पाय तलवारीसारखे बाहेर वळलेले आहेत. म्हणजे ग्रीकांचा आदर्श समोर ठेवून पॅरिसने बाक काढून टाकला, आणि ग्रीकांच्या खुर्चीला बाकच होता! वीस-पंचवीस वर्षांनी हे ध्यानात आलं तेव्हा चित्रकार जाक-लुई दाविदने आपल्या स्टुडिओसाठी मुद्दाम प्राचीन वळणाचं फर्निचर बनवून घेतलं. 1780 च्या दशकाच्या अखेरच्या त्याच्या चित्रांत ते दिसतं. ते बनवणारा कारागीर होता जॉर्ज जाकोब.

जाकोब हा बर्गंडीतल्या एका खेड्यातून आलेला. 1765 मध्ये तो पॅरिसच्या सुतारसंघाचा 'मास्टर' झाला. तिथे सुतारांतही दोन जाती होत्या म्हणा ना. पातळ लाकडाचे तुकडे चिकटवून कपाटं-टेबलं सजवणारे वेगळे, आणि अखंड लाकडातून खुर्च्या-पलंग करणारे वेगळे. खुर्चीवाल्याने सांगाडा करायचा; नक्षी कोरणारा दुसरा, मुलामा देणारा तिसरा, गादी भरणारा चौथा. अठराव्या शतकाच्या मध्यापासून संघाने सक्ती केली होती, की बनवणाऱ्याने आपल्या नावाचा लोखंडी ठसा मालावर मारलाच पाहिजे. खुर्चीत तो चौकटीच्या खालच्या बाजूला असतो, सहज कुणाला दिसणार नाही असा.

सोनेरी खुर्ची म्हणजे नेमकं काय, तेही सांगायला हवं, कारण दुकानात सोनेरी रंग दिसला की आपण फसतो. आत असतं बीच किंवा अक्रोडाचं लाकूड. कुसू आणि खाच जुळवून, लाकडाच्याच खुंट्या ठोकून केलेले सांधे. त्यावर सरसात कालवलेल्या खडूचे थरावर थर. थरांनी बुजलेली नक्षी पुन्हा बारीक हत्याराने मोकळी करायची. मग तांबूस चिकणमातीचा हात, त्यावर पाण्याने ओलावून ठेवलेला सोन्याचा वर्ख, आणि शेवटी अकीक दगडाने घोटणं. उंचवटे घोटलेले आणि खोलगट भाग मंद ठेवलेले असतात, म्हणून मेणबत्तीच्या उजेडात नक्षी हलल्यासारखी वाटायची. कंगोऱ्यांवर वर्ख झिजून आतली तांबडी माती डोकावते, ती जुन्या खुर्चीची खूण. अर्थात नकली कारागीरही ती मुद्दाम आणतात.

राजघराण्याला खुर्च्या पुरवणाऱ्यांत जाकोबइतकंच नाव झां-बाप्तिस्त-क्लोद सेने याचं. 1788 मध्ये त्याने राणी मारी आंत्वानेतच्या सें-क्लू इथल्या महालासाठी केलेला संच आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पॅरिसजवळचा संच अटलांटिकपार कसा गेला, त्याची सुरुवात पुढच्या पाच वर्षांत झाली.

ऑगस्ट 1793. राज्यक्रांतीत राजाचं डोकं जानेवारीतच उडवलेलं, राणी कोठडीत, पण अजून जिवंत. 25 तारखेला व्हर्सायच्या राजवाड्यातल्या सामानाचा लिलाव सुरू झाला आणि जवळजवळ वर्षभर चालला. सतरा हजारांहून जास्त लॉट. खरेदीदारांत परदेशीही होते. अमेरिकेचा वकील गव्हर्नर मॉरिस (गव्हर्नर हे त्याचं नावच, हुद्दा नव्हे) याने राणीचं सामान विकत घेतलं. संघ दोन वर्षांपूर्वीच कायद्याने मोडले होते आणि जाकोबची उधारी परागंदा सरदारांकडे अडकली होती. त्याला तारलं ते दाविदच्या ओळखीने. राजाचा खुर्चीवाला क्रांतीच्या संसदेसाठी फर्निचर करू लागला. 1796 मध्ये त्याने कारखाना मुलांच्या हाती दिला आणि धाकटा मुलगा जाकोब-देस्माल्तेर पुढे नेपोलियनचा पुरवठादार झाला. राजा, संसद, सम्राट: खुर्ची करणारं घर एकच.

नेपोलियनच्या काळातली खुर्ची माझ्या मनात फारशी भरत नाही. महोगनीची जड चौकट, पितळी मढवणी, हातांखाली स्फिंक्स. पाहुण्याला बसवण्यापेक्षा दबवण्यासाठी केलेली. तिथे फार रेंगाळायला नको.

सरळ पायांची खुर्ची परत आणली ती तिसऱ्या नेपोलियनच्या बायकोने, सम्राज्ञी युजेनीने. मारी आंत्वानेतचं तिला वेडच होतं. 1867 च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी तिने व्हर्सायच्या पेती त्रियानोंमध्ये राणीच्या वस्तूंचं वेगळं प्रदर्शन भरवलं. मग पॅरिसच्या फोबूर सेंत-आंत्वान या सुतारांच्या वस्तीतून 'लुई' खुर्च्यांचा पूर लोटला आणि तो नंतरही ओसरला नाही. आज जगभर जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक फ्रेंच खुर्च्या याच पुरातल्या. त्यांना नकली म्हणणं अन्यायाचं आहे. बनवणाऱ्याने कुणाला फसवलं नव्हतं. गिऱ्हाइकाला माहीत होतं की माल नवा आहे. शंभर-दीडशे वर्षांत त्याही आता जुन्या झाल्या.

विसाव्या शतकात या खुर्चीला मोठा पाठीराखा मिळाला तो कपड्यांच्या दुनियेत. क्रिस्तियान दिओरने 1947 मध्ये अव्हेन्यू माँतेन्यवरचं आपलं दालन पांढऱ्या आणि करड्या रंगात, सोळाव्या लुईच्या धाटणीत सजवून घेतलं; लंबगोल पाठीची खुर्ची तेव्हापासून त्या नावाशी जोडली गेली. 2002 मध्ये फिलिप स्टार्कने तीच रेषा कार्टेल कंपनीसाठी पारदर्शक पॉलिकार्बोनेटमध्ये ओतली. एका साच्यातून निघणारी ही 'लुई घोस्ट'. तिच्या स्वस्त नकला आपल्याकडच्या लग्नाच्या हॉलमध्येही आल्या, आणि स्टेजवर नवरा-नवरीसाठी मांडलेल्या सोनेरी कोरीव खुर्च्या तिच्या आज्जीच्या घराण्यातल्या. याच्या उलट टोकाला इंदूरचे यशवंतराव होळकर. 1930 च्या दशकात माणिकबाग राजवाडा सजवताना त्यांनीही युरोपातून फर्निचर मागवलं, पण लुईंना हातही लावला नाही. त्यांनी निवडलं ते फ्रेंच फर्निचरकार रूलमन आणि त्याच्या काळातल्या नव्या मंडळींचं. आपल्या संस्थानिकांत ही दुर्मीळ गोष्ट.

आणि मग आलं नकलीचं प्रकरण. 2008 पासूनच्या काही वर्षांत व्हर्सायच्या संग्रहालयाने अठराव्या शतकातल्या म्हणून काही खुर्च्या विकत घेतल्या. अशाच एका जोडीला 2013 मध्ये फ्रेंच सरकारने 'राष्ट्रीय ठेवा' ठरवलं होतं; ती पुढे कतारच्या एका राजपुत्राने वीस लाख युरोंना घेतली. 2016 मध्ये पोलिसांनी धरपकड केली तेव्हा समजलं की या खुर्च्या आपल्याच काळात बनल्या होत्या. करणारा लाकडावरच्या कोरीवकामाचा नावाजलेला कारागीर, आणि त्याला माहिती पुरवणारा या विषयावर ग्रंथ लिहिणारा फ्रान्समधला अग्रगण्य जाणकार. 2025 मध्ये दोघंही दोषी ठरले. संशय आलेल्या एका व्यापाऱ्याने खुर्ची चक्क चाटून पाहिली होती. जुनाटपणा आणायला लावलेलं ज्येष्ठमध त्याच्या जिभेला कळलं. कागदपत्रं, ठसे, तज्ज्ञांचे अभिप्राय, सगळं बिनचूक होतं, चव चुकली.

म्हणून घरासाठी अशी खुर्ची घ्यायची तर नावाच्या मागे लागू नये. ठसा मारणं ही त्यातली सगळ्यांत सोपी लबाडी. खुर्ची उलटी करून पाहावी. करवतीच्या खुणा सरळ, थोड्या वेड्यावाकड्या असतील तर हातकाम. अर्धवर्तुळाकार असतील तर यंत्राच्या गोल करवतीचं, म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं किंवा नंतरचं. बैठकीत स्प्रिंगा असतील तर गादी तरी नंतरची आहे, कारण अठराव्या शतकात ताणलेल्या पट्ट्यांवर घोड्याचे केस भरत. पाठीचा प्रकारही आधी ठरवावा. सपाट पाठीची खुर्ची भिंतीला लावून ठेवण्यासाठी असायची. किंचित अंतर्गोल पाठीची हलकी खुर्ची गप्पांच्या वर्तुळात कुठेही ओढून नेता यायची, आणि आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटला तीच परवडते. हातांखालची जागा कापडाने बंद केलेली 'बर्जेर' मिळाली तर वाचायला तिच्यासारखी खुर्ची नाही. बिनठशाची, 1880 च्या आसपासची, सांधे घट्ट असलेली एखादी बर्जेर राणीच्या नावाच्या खुर्चीच्या मानाने किरकोळ पैशांत मिळते. गेल्या वीसेक वर्षांत जुन्या फर्निचरचे भाव एकूणच उतरले आहेत. कापड बदललं तर चालतं. वर्ख झिजला असेल तर त्यावर बाजारातला सोनेरी रंग मात्र मारू नये.