पाण्याखाली शेवंड पकडताना

आपल्याकडे शेवंड मिळते ती बहुधा जाळ्यात. मुंबईच्या किनाऱ्यावर सापडणारी जात म्हणजे पॅन्युलिरस पॉलिफॅगस. तिच्याच प्रजातीतील पॅन्युलिरस आर्गस ही जात अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत विपुल आहे, आणि तेथे हजारो हौशी लोक पाठीवर हवेची टाकी बांधून, म्हणजे स्कूबा पद्धतीने, समुद्रात उतरतात व शेवंड स्वतः धरून आणतात. नवशिक्याने ही विद्या कशी शिकावी हे पाहू लागलो, की प्राणिशास्त्राच्या जोडीने शाळेतले भौतिकशास्त्रही पावलोपावली भेटते. म्हणूनच हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

प्रथम प्राण्याची ओळख. या शेवंडीला खेकड्यासारख्या नांग्या नसतात. तिचे संरक्षण म्हणजे पाठीवरचे काटे आणि दोन लांब, जाड मिशा. दिवसा ती प्रवाळखडकाच्या कपारीत बसते, रात्री चरायला बाहेर पडते. कपारीबाहेर डोकावणाऱ्या मिशा हीच पाणबुड्याची पहिली खूण. त्या मिशांच्या बुडाशी एक गमतीची यंत्रणा आहे. शत्रूने धरले की तेथील मऊ भाग डोळ्यांखालच्या पट्टीवर घासून शेवंड करकर आवाज काढते. तंतुवाद्याची तार गजाने घासावी तसा हा प्रकार आहे, हे शीला पटेक यांनी 2001 साली दाखवले.

आता पकडण्याची युक्ती. शेवंड पुढे चालते, पण पळते मागे! घाबरली की ती पोट झटक्यात खाली दुमडते. शेपटीचा पंखा पाणी पुढे ढकलतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे शरीर उलट दिशेला फेकले जाते. नवशिका समोरून हात घालतो, तेव्हा ती आणखी आत सरकते आणि पाय व काटे कपारीत रोवून बसते. मिशी ओढली तर मिशीच हातात येते. तुटलेला अवयव पुन्हा उगवतो, पण त्यावर खर्ची पडलेले अन्न वाढीला कमी पडते. जाणकार माणूस घाई करत नाही. तो हातभर लांबीची बारीक काठी तिच्या मागे नेऊन शेपटीला हलकेच टोचतो. मागून काही आले असे वाटून शेवंड सावकाश चालत उघड्यावर येते. मग तिच्या मागे छोटे जाळे धरायचे आणि काठीने डोक्यावर टिचकी मारायची. प्रतिक्षिप्त क्रियेने ती मागे उसळते ती थेट जाळ्यात. हातमोजे हवेतच, काटे तीक्ष्ण असतात, आणि त्याच कपारीत कधी कधी मोरे जातीचा चावरा वाममासाही असतो.

कॅलिफोर्नियात पाणबुड्यांना काठी-जाळे वापरण्याची मुभा नाही, फक्त हात. तेथील जात वेगळी आणि मोजमापही वेगळे.

मापाचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. फ्लोरिडात पाठीच्या कवचाची लांबी 3 इंचांहून, म्हणजे 76 मिलिमीटरहून, जास्त असेल तरच शेवंड घेता येते, आणि हे मोजमाप पाण्यातच करावे लागते. पोटाखाली अंडी असलेली मादी सोडून द्यावी लागते. भाल्याने भोसकणे निषिद्ध आहे, कारण भोसकल्यावर मोजून सोडणार काय? नजरेच्या अंदाजावर का विसंबायचे नाही, याचे उत्तर प्रकाशाच्या अपवर्तनात आहे. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे 4/3. मुखवट्याच्या सपाट काचेतून पाहिल्यास वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपट अंतरावर आणि म्हणून सुमारे सव्वापटीहून थोडी अधिक मोठी भासते. 60 मिलिमीटर कवचाचे पिल्लू 80 मिलिमीटरचे वाटते! मापपट्टी मात्र शेवंडीला चिकटून धरलेली असते. दोन्ही सारख्याच प्रमाणात मोठ्या दिसतात, म्हणून तुलना खरी ठरते.

एवढी कडक मापे कशासाठी? अंड्यातून बाहेर पडलेला पानासारखा चपटा, पारदर्शक डिंभ कित्येक महिने खुल्या समुद्रात तरंगत राहतो. त्यांतले फार थोडे किनाऱ्याला लागतात. मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी अधिक अंडी घालते. भारतानेही 2003 साली निर्यातीसाठी किमान वजने ठरवली. पॉलिफॅगसचे 300 ग्रॅम आहे.

आता धोक्याचा भाग. समजा, टाकीत 12 लिटर जागेत 200 बार दाबाची हवा आहे, म्हणजे पृष्ठभागावर 2,400 लिटर. मिनिटाला 20 लिटर श्वास घेणाऱ्याला ती पृष्ठभागावर 120 मिनिटे पुरेल. दर 10 मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. 20 मीटरवर तो तिप्पट होतो आणि हवा 40 मिनिटेच पुरते. शेवंडीमागे धावताना श्वास दुप्पट झाला, की उरतात 20 मिनिटे. वर येण्याची राखीव हवा त्यातूनच काढायची! घाबरून श्वास रोखून वर येणे तर याहून वाईट. 10 मीटरवर भरलेल्या फुप्फुसातली हवा पृष्ठभागी दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुस फाटू शकते. जुलैअखेरीस तेथे केवळ दोन दिवसांचा छोटा हंगाम असतो. त्या गर्दीत पाणबुड्यांचे मृत्यूही झाले आहेत. आमच्या मते प्रशिक्षण घेऊन, पाण्यात ना वर ना खाली असे स्थिर तरंगता येऊ लागेपर्यंत काठीला हातच लावू नये. होडीवर पाणबुड्याचा झेंडा लावणे तेथे कायद्यानेच बंधनकारक आहे. वरून जाणाऱ्या यांत्रिक होडीला खालचा माणूस दिसत नाही.

पाऊण अंतराची गोष्ट वर्गातही करून पाहता येईल. बादलीत 20 सेंटिमीटर पाणी घेऊन तळाशी नाणे टाका. सरळ वरून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला बादलीच्या बाहेरून, नाणे जेवढे खोल दिसते तेथे बोट टेकवायला सांगा. बोट पाण्याच्या पातळीपासून साधारण 15 सेंटिमीटरवर येईल. मग पाणी काढून टाका आणि त्याच मुलाला पुन्हा बोट टेकवायला सांगा.