स्लॅब ओतण्याआधी जुन्या मशिदीकडे एकदा नीट बघा

उमरा करून लांज्यात परतलेले लोक मोबाईलवर फोटो दाखवतात, तेव्हा हरमशरीफच्या शेजारी घड्याळाचा उंच टॉवर दिसतोच. २०१२ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत ६०१ मीटर उंच आहे. तिच्यासाठी २००२ मध्ये उस्मानी काळातला अजयाद किल्ला पाडला, टेकडीही सपाट केली. हाजींची सोय झाली, हे खरं. पण काबाशरीफवर सावलीसारखी उभी राहिलेली ही इमारत जगभरच्या अनेक मुसलमानांना खटकली.

मक्केतलं काही आपल्या हातात नाही. गावच्या मशिदीचं मात्र आहे.

कोकणातल्या जुन्या मशिदी साध्या. चिऱ्याच्या जाड भिंती, लाकडी खांब, उतरतं कौलारू छप्पर, बाहेर पडवी. आपल्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उतारामुळे पाणी थांबत नाही, पुढे आलेल्या वळचणीमुळे भिंतीवर झड येत नाही. जाड भिंतींमुळे दुपारी जोहरला आत गारवा असतो.

आता बऱ्याच ठिकाणी ती पाडून सपाट स्लॅब, काचेचा दर्शनी भाग आणि चकचकीत टाइल्स येतात. सपाट स्लॅबवर पाणी साचतं आणि तो गळू लागतो. मग त्यावर पत्र्याची शेड! काचेतून ऊन आत येतं, सरकत्या खिडक्या अर्ध्याच उघडतात, म्हणून एसी लागतो. बिल भरते जमात. ओल्या टाइल्सवर म्हातारी माणसं घसरतात ती वेगळीच.

जुनं तसंच ठेवा, असं आम्ही म्हणत नाही. रमजानात आणि मे महिन्यात मुंबईकर, आखातातली मंडळी आली की जागा पुरत नाही. वाशांना वाळवी लागते, जुने सुतार मिळत नाहीत. या अडचणी खऱ्या आहेत.

पण पाडण्याआधी जमातीने तीन गोष्टी कराव्यात. एक, जाणकार इंजिनीअरकडून भिंती तपासून घ्याव्यात. बऱ्याचदा फक्त छप्पर बदलून भागतं. दोन, जुना भाग ठेवून बाजूला वाढवता येईल का, ते बघावं. तीन, नवं बांधायचंच तर छप्पर उतरतं आणि खिडक्या समोरासमोर ठेवाव्यात.

दाभोळच्या खाडीकाठची आदिलशाही काळातली दगडी मशीद शेकडो पावसाळे काढून आजही उभी आहे. आपण जे बांधतोय, ते नातवंडांपर्यंत तरी टिकेल का, हा प्रश्न वर्गणी काढण्याआधी विचारूया.