साथींतील मृत्यूंची सरकारी मोजदाद

इ. स. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथींत हिंदुस्थानांत किती माणसें दगावलीं? सॅनिटरी कमिशनरचा पहिला अंदाज सुमारें ६० लाखांचा; १९२१ च्या खानेसुमारीच्या अहवालांत तोच आंकडा सव्वा कोटीच्या घरांत गेला. येथें लपवाछपवीचा तर्क करण्याचें कारण नाहीं. मुंबई इलाख्यांत खेड्यांतील जन्ममृत्यूंचें टिपण गांवकामगारांकडे असे. साथ घरोघर शिरली तेव्हां टिपणाराच अंथरुणास खिळे किंवा मरे, आणि मेलेल्याची वर्दी देण्यास घरांत कोणी धड उरत नसे. ज्यांची नोंद झाली त्यांतलेही पुष्कळ ‘ताप’ या सदराखालीं गेले. गांवकामगार कांहीं वैद्य नव्हे! अनेक संस्थानांत तर भरंवशाची नोंदच नव्हती.

याकरितां जुन्या दफ्तरांत अशीं टिपणें हातीं आल्यास ‘इन्फ्लुएंझा’ हा शब्द शोधीत बसूं नये. त्या महिन्यांच्या एकंदर मृत्युसंख्येंतून मागील वर्षांच्या त्याच महिन्यांची सरासरी वजा करावी. उरेल तो वाढावा बहुतांशीं साथीचा. आक्टोबर १९१८ चें पान कोरें दिसल्यास त्या गांवीं कोणी मेलें नाहीं असें मात्र मुळींच मानूं नये. पुढच्या पानापासून हस्ताक्षर बदललें आहे काय, तें आधीं पाहावें.